१/८ बगी : डिफमध्ये आणि शॉकमध्ये कुठलं तेल भरू? (मुरमाचं मैदान)

कामोठेची_बगी
नमस्कार मंडळी. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पॉकेटमनी साठवून सेकंडहँड १/८ (खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्श्याची) रिमोटवरची इलेक्ट्रिक बगी घेतलीये. ब्रशलेस मोटर, ४एस म्हणजे चार सेलची बॅटरी. घराजवळ सिडकोचा मोकळा प्लॉट आहे, तिथेच चालवतो. खाली घट्ट मुरूम आणि वर भुसभुशीत मातीचा थर.

त्रास असा, की थ्रॉटल सोडून वळवायला गेलो तर गाडी वळतच नाही, नाक सरळच जातं. आणि वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल दिला की शेपूट मारून गर्रकन उलटी फिरते. आधीचा मालक म्हणाला की तिन्ही डिफमध्ये (पुढच्या, मधल्या, मागच्या डिफरन्शियलमध्ये) ३०,००० सीएसटीचं तेल (सीएसटी म्हणजे घट्टपणाचं माप, आकडा मोठा तितकं घट्ट) भरलंय, "मजबूत राहतं". शिवाय मातीच्या ढिगावरून उडवली की खाली येताना पोट आपटतं. शॉकमध्ये (शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये) कुठलं तेल आहे ते त्यालाही आठवत नाही.

डिफला किती, शॉकला किती, आकडे सांगा. बाटल्या महाग आहेत, चुकीच्या मागवायच्या नाहीत. आणि शॉकमध्ये शिलाई मशीनचं किंवा बाइकच्या फोर्कचं तेल चालेल का? ते कोपऱ्यावरच मिळतं.

वागळे_इस्टेट
फोर्कचं नको आणि शिलाई मशीनचंही नको. दोन्ही पेट्रोलियमची. आपल्या गाड्यांतल्या सिलिकॉनच्या ओ-रिंगा आणि ब्लॅडर (शॉकच्या टोपीतला लवचिक पडदा) त्यात फुगतात, मग शाफ्ट, म्हणजे शॉकचा दांडा, अडकतो आणि वर गळतीही सुरू होते. शॉक असो की डिफ, तेल शंभर टक्के सिलिकॉनचंच. धुवायलाही पेट्रोल वापरू नकोस, कारण तेच. जुनं तेल कपड्याने पुसून काढ, कोपऱ्यात उरलेल्या थेंबाने काही बिघडत नाही.

आता तुझी गाडी. तू जी लक्षणं लिहिलीस ती त्या ३०,०००चीच आहेत. डिफचं काम काय, तर वळताना आतलं चाक हळू आणि बाहेरचं जोरात फिरू देणं. तेल जितकं घट्ट तितकी दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात. पुढची बांधली गेली की थ्रॉटल सोडल्यावर नाक आत शिरत नाही. मागची बांधली गेली की सैल मातीवर दोन्ही एकदम सुटतात, म्हणून शेपूट. मजबुतीचा आणि घट्ट तेलाचा काही संबंध नाही. तो मालक बहुतेक डांबरावर सरळ रेषेत पळवत असणार.

घट्ट मुरमावर सुरुवात ५-७-३ने कर. म्हणजे पुढे ५,०००, मधे ७,०००, मागे ३,०००. १/८ बगीसाठी जगभर याच्याच आसपास सुरुवात करतात, मग जमिनीप्रमाणे हलवतात. मधलं डिफ पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटतं. ते फार पातळ झालं तर थ्रॉटल दिल्यावर नाक उचलतं, पुढची चाकं हलकी होतात आणि सगळी ताकद तिकडेच फुकट जाते. पुढचे टायर फुगून मोठे झालेले डोळ्यांना दिसतात. तसं दिसलं तर मधलं घट्ट कर, बाकीच्या दोघांना हात लावू नकोस. एका वेळी एकच डिफ, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

भरताना आतले गिअर आणि आडवी पिन जेमतेम झाकली जाईल एवढंच भर. काठोकाठ भरलंस तर तापल्यावर तेल प्रसरतं आणि सीलमधून बाहेर येतं. सोनार वापरतात तसला छोटा डिजिटल काटा मिळतो, तो घे. डिफ रिकामं असताना आणि भरल्यावर वजन कर आणि आकडा लिहून ठेव. पुढच्या वेळी तेवढंच भरायचं, अंदाजाची भानगड नको.

आता शॉक. तुझं पोट आपटतं म्हणून तू घट्ट तेल मागवणार, मला माहीत आहे. थांब. आधी शॉक काढ, स्प्रिंग उतरव आणि शाफ्ट हाताने आत-बाहेर कर. पचपच आवाज आला किंवा मधेच पोकळ लागलं तर आत हवा आहे, आणि हवा असेपर्यंत कुठलंही तेल भर, आपटणारच. मी वर्षानुवर्षं हायड्रॉलिक प्रेसवर काम केलं, तिथेही ऑपरेटर पहिली तक्रार तेलाची करतो आणि निघते हवा. तेल भरून पिस्टन सावकाश वर-खाली कर, शॉक उभा ठेवून फुगे वर येऊ दे, मग टोपी लाव. घाई करायची नाही. चारही शॉक हातात सारखे लागले पाहिजेत, निदान पुढचे दोन एकमेकांसारखे आणि मागचे दोन एकमेकांसारखे.

आकडा हवाच असेल तर पुढे ५५० सीएसटी, मागे ४५०. बाटलीवर "वेट"चा आकडा असतो तो बघून घेऊ नकोस, प्रत्येक कंपनीचं वेट वेगळं. असोसिएटेडचं ५० वेट म्हणजे ६५० सीएसटी, टीएलआरचं ५० वेट ७१०. नाव एक, तेलं दोन. आणि बाटलीवरचा आकडा २५ अंशांना मोजलेला असतो. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे ३७-३८ असतं, तेव्हा तेच तेल पाचव्या हिश्श्याने तरी पातळ झालेलं असतं. परदेशी मुलांचे सेटअप उतरवून घेताना हे कोणी बघत नाही! उन्हाळ्यात शॉकला एक पायरी वर जा.

सीवूड्स_१८
वागळेकाकांशी बाकी सगळं सहमत, फक्त मधल्या डिफबद्दल माझं मत वेगळं. ५-७-३ हा नायट्रोच्या (इंधनावर चालणाऱ्या इंजिनांच्या) जमान्यातला आकडा आहे. ४एस ब्रशलेसचा टॉर्क शून्यापासूनच येतो, ७,००० मध्ये पुढची चाकं नक्की फुगणार. मी मधे १०,०००च्या खाली जात नाही.

@कामोठे, पोट आपटण्याबद्दल अजून एक. शॉकमधल्या पिस्टनची भोकं बघ. मोठी भोकं आणि घट्ट तेल, किंवा छोटी भोकं आणि पातळ तेल, हातात दाबून दोन्ही सारखीच वाटतात. पण उडी मारून गाडी आदळते तेव्हा छोट्या भोकांतून तेल तितक्या वेगाने जाऊ शकत नाही आणि पिस्टन अडतो. उड्यांसाठी ते बरं, खडबडीत जमिनीवर मात्र गाडी टणाटण उडते. तुझ्या प्लॉटवर उड्या जास्त की खड्डे जास्त, ते तूच ठरव.

वागळे_इस्टेट
सीवूड्स, पेव्हर ब्लॉकवर आणि डांबरावर तुझं बरोबर. याची वरची माती सैल आहे. तिथे मधलं थोडं पातळ असलं तर जास्तीची ताकद पुढे निसटते आणि मागचा भाग शांत राहतो. नवीन मुलाला ते सोपं पडतं. हात बसला की जाईल १०,०००वर.

कामोठेची_बगी
काका, शॉक काढून बघितले. चारपैकी तिघांत पचपच! एकात तर अर्धंच तेल होतं.

डिफसाठी मित्राकडे १,००० आणि १०,०००च्या बाटल्या पडून आहेत, एकाच कंपनीच्या. दोन्ही अर्ध्या-अर्ध्या मिसळल्या की ५,५०० होईल ना? मग मागवायची गरजच नाही.

वागळे_इस्टेट
नाही होणार. सरासरी अशी लागत नाही, लॉगॅरिदमने लागते. अर्धं-अर्धं केलंस तर ३,१००-३,२०० येईल, म्हणजे तुझं मागचं डिफ झालं. पुढच्यासाठी दहा भागांत सात भाग १०,००० आणि तीन भाग १,००० घे, बरोबर ५,०००च्या जवळ येतं. मधल्यासाठी वीस भागांत सतरा भाग घट्ट आणि तीन भाग पातळ, ७,०००. इंजिनिअरिंगला आहेस, कॅल्क्युलेटरवर पडताळून बघ.

भाग वजनाने मोज, त्याच काट्यावर. घट्ट तेल बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतं, मापाने मोजलंस तर फसशील. काडीने सावकाश ढवळ, हलवू नकोस, फेस होतो. रात्रभर झाकून ठेव आणि सकाळी भर. बाटलीवर मार्करने आकडा लिही.

सीवूड्स_१८
आणि डिफ उघडलंच आहेस तर गॅस्केट बघून घे. ३०,००० गळत नव्हतं म्हणून ३,००० गळणार नाही असं नाही. फाटलेलं असेल तर तेल भरायच्या आधी बदल.