काट्यावर एकूण वजन बरोबर, मग मागचा एक्सल ओव्हर कसा?

ज्यांनी विचारलंय की टँकरचं एकूण वजन पासिंगमध्ये (कागदावर मंजूर वजनात) बसतं तरी मागचा जोडएक्सल (जवळजवळ बसवलेले दोन एक्सल) ओव्हर का दाखवतो, त्यांनी आधी हे बघा की पातळ माल लिटरवर नाही, किलोवर मोजायचा. डिझेल लिटरला साधारण ८३० ग्रॅम, दूध एक किलोच्या जरा वर, आणि मळी (साखर कारखान्यातला घट्ट पाक) जवळपास १.४ किलो! म्हणजे २० हजार लिटरच्या टाकीत १८ टन मळी घेतली की ती १३ हजार लिटरलाच संपते, टाकी एक तृतीयांश रिकामी, मग चढाला सगळा माल मागच्या एक्सलकडे आणि ब्रेकला पुढे. मळी घट्ट म्हणून सावकाश सरकते, पण दूध भयंकर हिंदकळतं, त्यात बऱ्याच दुधाच्या टाक्यांत धुवायला सोपं जावं म्हणून आत माल हिंदकळणं रोखणाऱ्या आडव्या प्लेटाच नसतात.

२०१८ पासून जोडएक्सलला २१ टन आणि दहाचाकीला एकूण २८.५ टन चालतं हे ठीक, पण काटा सपाट आहे का बघा राव, थोडा जरी उतार असला तरी माल खालच्या बाजूला जातो आणि एक्सलचा आकडा फिरतो. आमचं एकदा असंच झालेलं, दुसऱ्या काट्यावर नेली तर गाडी बरोबर.

टाकीत वेगवेगळे कप्पे असलेली गाडी असेल आणि दोन पेट्रोल पंपांवर माल उतरवायचा असेल तर दहाचाकीत मागचा कप्पा आधी रिकामा करा. पुढचे आधी काढले की स्टेअरिंग हलकं लागतं, ओल्या रस्त्यावर तर वळताना गाडी ऐकतच नाही.