प्रति: पगार वाढवला की प्राध्यापक टिकतात
पगार चांगला दिला की प्राध्यापक कुठे जात नाहीत, हे वरचं म्हणणं अर्धंच पटतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्गने १९५९ मध्येच मांडलं होतं की पगार, कामाची परिस्थिती, वरिष्ठांशी संबंध यांत उणीव असली की माणूस नाराज होतो. ती भरून काढली की नाराजी जाते, एवढंच. कामात मन रमायला कामच तसं लागतं.

इथे कुणी न मांडलेला मुद्दा म्हणजे, एकाने नोकरी सोडली की त्याचे तास, पेपर तपासणी, समित्यांची कामं उरलेल्यांच्या गळ्यात पडतात आणि पुढचा राजीनामा तयार होतो. आमच्या विभागात हेच झालं. ताणमुक्तीची शिबिरं भरपूर झाली (हजेरी सक्तीची!), पण रिकामी जागा काही भरली नाही. आजारपणाच्या रजेत बुडालेले तासही परत आल्यावर भरून द्यायचे, मग ती रजा कसली?