लोअर परळमध्ये पब आले, यात एवढं हळहळण्यासारखं काय आहे?

चाळकरी : गिरण्यांच्या आवारात आता पब आणि रेस्टॉरंटं आहेत म्हणून बरेचजण हळहळतात. मला ते पटत नाही. १९८२च्या संपानंतर बहुतेक गिरण्या सावरल्याच नाहीत. कुलूपबंद शेडमध्ये पिंपळ वाढण्यापेक्षा तिथे पोरं कामाला लागली, हे केव्हाही चांगलं. आणि परळ रात्री झोपायचं कधी? तीन पाळ्या चालायच्या की!

रातपाळी : परळ जागं असायचं ते कामगारासाठी. बिऱ्हाड गावी ठेवून आलेला माणूस महिन्याच्या बोलीवर खानावळीत जेवायचा. दहा बाय दहाच्या खोलीत बाई भाकऱ्या थापायची, एक पंगत उठली की दुसरी बसायची, पैसे पगार झाल्यावर. या बायका सावकाराच्या कचाट्यात होत्या, म्हणून १९७५मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आज त्याच चाळीतल्या माणसाची शेजारच्या रेस्टॉरंटात पाऊल टाकायची छाती होत नाही.

चाळकरी : खानावळी गिऱ्हाईक गेलं म्हणून बसल्या. त्याचं खापर पबवर कशाला?

मोकळी_जागा : मुद्दा जमिनीचा आहे. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८वा नियम सांगत होता : गिरणीची एक तृतीयांश जमीन मैदानं-बागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. शेड उभ्या होत्या ती जमीन हिशेबातून बाहेर! २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दुरुस्ती कायम ठेवली. आजचे बहुतेक पब हे त्यानंतरचं प्रकरण.

दादरकर : आणि जीवाचं काय? २९ डिसेंबर २०१७ला कमला मिल्सच्या आवारात गच्चीवरच्या पबला आग लागली, १४ जण गेले. बरेचसे स्वच्छतागृहात गुदमरून.

चाळकरी : ते अक्षम्यच होतं. पण म्हणून सगळं बंद करायचं? पोरांच्या नोकऱ्या जातील त्याचं काय?

रातपाळी : बंद करा असं मी म्हटलंच नाही. ज्या कामगारांच्या घामावर या गिरण्या चालल्या, त्यांना आज मुंबईबाहेर शेलू-वांगणीला घर घ्या म्हणतात. मला राग त्याचा आहे. घरं मुंबईतच द्या, मग खुशाल पहाटेपर्यंत पब चालवा.