र. धों. म्हणजे फक्त ‘कुटुंबनियोजनवाले’?

झाडावरचा बोका
परवा भाचीला सहज विचारलं, र. धों. कर्वे माहीत आहेत का? म्हणाली, "महर्षी कर्व्यांचे चिरंजीव ना, कुटुंबनियोजनवाले." उत्तर बरोबर आहे, परीक्षेत पूर्ण गुण. पण तेव्हापासून मला ते टोचतंय. ‘संततिनियमनाचे आद्य प्रवर्तक’ ही उपाधी गळ्यात घालून आपण या माणसाची बोळवण केली आहे, असं माझं मत.

१९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं हे खरंच. लंडनला मेरी स्टोप्सबाईंचा दवाखाना निघाला तेच साल. पण "मूल नको तर ही साधनं घ्या" एवढंच सांगायचं असतं, तर जुलै १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, पदरमोड करून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक कशाला चालवलं असतं? त्यांचं म्हणणं असं की संभोग केवळ मुलांसाठी नसतो, त्यातलं सुख ही स्वतंत्र गोष्ट आहे आणि त्यावर बाईचा पुरुषाइतकाच हक्क आहे. बाळंतपणाची धास्ती गेल्याशिवाय ती त्या सुखाचा विचार कसा करणार? साधनं त्यासाठी. आपण मात्र साधनं धरून ठेवली आणि सुख गाळलं.

खटले कशावरून झाले तेही बघा. पहिला, १९३१ चा, ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून. दंड १०० रुपये. दुसरा १९३४ चा, वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. प्रश्न हस्तमैथुनाचे, समलिंगी संबंधांचे. तेव्हा वकीलपत्र घेतलं डॉ. आंबेडकरांनी. खटला हरले, २०० रुपये दंड झाला. आणि २०१८ च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाने ६ तारखेला समलिंगी संबंध आणि २७ तारखेला व्यभिचार, दोन्ही गुन्ह्याच्या यादीतून काढले. रघुनाथरावांचे ३०० रुपये कुणी परत करणार का? (व्याजासकट!)

काळा चहा
बोकोबा, खटल्यांचं ठीक, पण नोकरी कशावरून गेली ते सोयीस्कर विसरलात. विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. १९२५ साली राजीनामा द्यावा लागला तो संततिनियमनाच्या प्रचारावरूनच. आपली पोटाची भाकरी ज्या गोष्टीपायी माणसाने घालवली, ती त्याला दुय्यम होती म्हणता?

माझा आक्षेप अजून पुढचा आहे. कर्वे माल्थस या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाच्या पठडीतले. गरिबी का, तर पोरं फार म्हणून. गिरणगावात दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं राहतात याला मालकाची मजुरी जबाबदार नाही, आईची कूस जबाबदार! त्या काळच्या मराठी शहाण्यासुरत्यांना सुप्रजननाचंही, म्हणजे ‘चांगल्या’ वंशाचीच संतती वाढावी या कल्पनेचं, वेड होतं. ना. सी. फडक्यांनी १९२७ साली त्यावर इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलं. हीच विचारसरणी १९७६ ला नसबंदीचे कोटे घेऊन गावोगाव फिरली. लोक कर्व्यांना ‘कुटुंबनियोजनवाले’ म्हणतात ते उगाच नाही.

झाडावरचा बोका
नोकरीचा मुद्दा मान्य. तो मी खरंच गाळला होता.
आणीबाणीचा नाही मान्य. जोरजबरदस्ती आणि कर्वे? त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली ती स्वतःवर. सरकारने कार्यक्रम सुरू केला १९५२ ला आणि १९५३ च्या १४ ऑक्टोबरला कर्वे गेले. पुढच्या पंचवीस वर्षांचं पाप त्यांच्या माथी का मारता?

काळा चहा
पाप त्यांचं म्हणत नाही, बी त्यांचं म्हणतोय. असो.

सुमन_सातारकर
दोघंही पुरुष, दोघंही बाईच्या कुशीबद्दल बोलताय, म्हणून मध्ये पडते.
नेटवर ‘समाजस्वास्थ्य’चे जुने अंक स्कॅन होऊन आलेत. जरूर बघा. मुखपृष्ठावर नग्न बाई. पुढचा अंक उघडा, परत नग्न बाई. नग्नतेत अश्लील काही नाही हे तत्त्व मला कळतं, पण मग दर वेळी बाईच का? आत ‘शारदेची पत्रे’ नावाचं सदर. शारदा कोण? स्वतः कर्वे. म्हणजे बाईच्या सुखावर बाई बोलतेय असं वाटतं आणि लेखणी असते पुरुषाच्या हातात. आणि या सगळ्या चर्चेत कर्व्यांच्या पत्नी मालतीबाई कुठे आहेत? संसारात मूल होऊ द्यायचं नाही हा निर्णय, घरातली चणचण, केंद्राचं काम, गावभर छी थू. हे सगळं त्यांच्याही वाट्याला आलंच ना? धाग्यात त्यांचं नावसुद्धा नाही. बोकोबा, तुम्ही म्हणता आपण सुख गाळलं. तुम्ही बायकोच गाळलीत.

खडू-फळा
सुमनताईंचा मालतीबाईंबद्दलचा मुद्दा शंभर टक्के. शारदेचा तेवढा पटत नाही. १९३० च्या आसपास कोणती मराठी बाई आपल्या नावाने असं लिहिणार होती? लिहिलं असतं तर घरात राहू दिलं असतं का?

मी विज्ञान शिकवतो, अठरा वर्षं झाली. नव्याने लागलो तेव्हा एका ज्येष्ठ सरांनी सांगितलं होतं, "प्रजननाचा धडा मुलांना घरी वाचायला सांगायचा." मी पहिल्यांदा वर्गात शिकवायला घेतला तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा दप्तरात डोकं घालून हसत होता आणि पहिल्या बाकावरची मुलगी पेनाचं टोपण चावत खाली बघत होती. म्हटलं, चिठ्ठीवर प्रश्न लिहा, नावं नकोत. एकेचाळीस चिठ्ठ्या आल्या. जवळजवळ निम्म्या हस्तमैथुनाच्या: अशक्तपणा येतो का, डोळे जातात का, लग्नानंतर त्रास होतो का. वाचकांच्या याच तऱ्हेच्या प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून कर्व्यांना कोर्टात उभं केलं होतं. २००७ साली आपल्या राज्याने शाळेतलं लैंगिक शिक्षणच बंद केलं होतं, आठवत असेल. त्यामुळे माल्थस चूक की बरोबर, हा वाद माझ्यापुरता दुय्यम. मला ते प्रश्नोत्तरांचं सदर पाहिजे.

धोपटमार्ग
मी वेगळा सूर लावतो, चालेल ना? कर्व्यांचा अभ्यास मोठा, धैर्य मोठं, पण माणूस हेकट. गणिताच्या सिद्धतेसारखं लिहायचे. हे सिद्ध झालं, म्हणून ते सिद्ध, समोरचा मूर्ख. वडिलांनी विधवाविवाह केला आणि वाळीत पडले, तरी बायकांच्या शिक्षणासाठी भाऊबीजेचा फंड मागत दारोदार हिंडले, लोकांना सोबत घेतलं. मुलाने कुणालाच घेतलं नाही. ब्रह्मचर्य हाच उपाय म्हणणाऱ्या गांधींवर टीका केली ती बरोबर, पण सगळी दारं एकदम आपटायची कशाला?

सुमन_सातारकर
सगळी नव्हती आपटली हो. शकुंतला परांजपे, रँग्लर परांजप्यांच्या कन्या, त्यांच्याच प्रभावाने या कामात आल्या आणि पुढे राज्यसभेत जाऊनही तेच बोलत राहिल्या. आणि गोड बोलून हस्तमैथुनावर लेख कसा लिहितात ते दाखवाच एकदा.

धोपटमार्ग
हाहा. हरलो. दंड किती?

झाडावरचा बोका
दोनशे. सुमनताई, मालतीबाईंचं गाळलं ते चुकलंच, धागा संपादित करून पहिल्या परिच्छेदात घेतो. खडू-फळा, त्या एकेचाळीस चिठ्ठ्यांचं पुढे काय केलंत?

खडू-फळा
उत्तरं दिली, दोन तास लागले. तिसऱ्या दिवशी एक पालक मुख्याध्यापकांकडे आले. बाकीचं वेगळ्या धाग्यात लिहितो, आता दहावीचे पेपर तपासायचे आहेत.