जपानीत आजीला 'ती' कसं म्हणायचं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

पुण्यात जपानी शिकतेय, डिसेंबरात एन४ (जपानी भाषेच्या परीक्षेची एक पातळी) देणार आहे. गेल्या आठवड्यात आजीवर निबंध लिहिला. 'ती पहाटे उठायची, तिनं मला भाकरी थापायला शिकवलं' असं मनात मराठीत जुळवलं आणि प्रत्येक 'ती'च्या जागी 'कानोजो' घातलं. वही परत आली तर सगळ्या कानोजोंखाली लाल रेघा. सेन्सेई (आमच्या शिक्षिका) म्हणाल्या, "आजीला कानोजो म्हणत नाहीत."

कानोजो म्हणजे प्रेयसीही आणि कारे (तो) म्हणजे बॉयफ्रेंडही, हे आता कळलं. पण मग लिहू काय? मराठीत 'ती' गाळली तरी 'उठायची'वरून बाई आहे हे समजतं. जपानीत 'ओकिता' म्हणजे मी उठले, तो उठला, त्या उठल्या, काहीही. निबंधात आईपण आहे. वाचणाऱ्याला कोण कुठली हे कळणार कसं?

प्रतिसाद:
कानोजो हा शब्द मेइजी काळात (१८६८–१९१२) युरोपीय भाषांतल्या 'ती'साठी रुळला. घरच्या वडीलधाऱ्यांसाठी तो अजूनही परकाच वाटतो. एकदा 'सोबो वा' लिहा; 'सोबो' म्हणजे माझी आजी आणि 'वा' म्हणजे आता कुणाबद्दल बोलतोय ते दाखवणारा प्रत्यय. दुसरं कुणी 'वा' घेऊन येईपर्यंत पुढची वाक्यं आजीचीच. आई आली की 'हाहा वा'.

आणि खरी गंमत 'कुरेरु' (मला देणे) या क्रियापदात आहे. 'ओशिएते कुरेता' म्हटलं की दुसऱ्या कुणीतरी मला किंवा माझ्या माणसाला शिकवलं हे क्रियापदातच आलं. सर्वनामाचं अर्धं काम तेच करतं.

बोलताना समोरच्यालाही माहीत असलेल्या माणसाला 'आनो हितो' (ती व्यक्ती), फक्त एकालाच माहीत असेल तर 'सोनो हितो'. सरांबद्दल बोलताना मात्र दर वेळी 'सेन्सेई'च म्हणायचं, तिथे पुनरुक्ती खटकत नाही. नवऱ्याला 'उची नो हितो' (आमच्या घरचा माणूस) म्हणणाऱ्या बायका भेटल्या की मला आपलं 'आमचे हे' आठवतं.

धागाकर्ती:
मनापासून आभार! असं केलंय: 'सोबो वा आसा हायाकु ओकिते, भाकरी नो त्सुकुरिकाता ओ ओशिएते कुरेमाशिता.' एकही कानोजो नाही, तरी आजी पूर्ण दिसतेय.

एकच उरलं. शेवटी आजी गेल्या वर्षी वारली हे लिहायचंय. त्याआधीचं वाक्य आईचं आहे. तिथे पुन्हा 'सोबो वा' हवंच ना? नुसतं 'नाकुनारिमाशिता' (वारली) लिहिलं तर आईबद्दल वाचलं जाईल, अशी भीती वाटते.