मदत हवी आहे: ताकायासू आर्टरायटिस (मोठ्या धमन्यांना सूज येण्याचा आजार), स्टेरॉइडचा डोस उतरत नाहीये

लहान बहीण, वय २६, आम्ही नागपूरचे. चार महिने बारीक ताप, वजन घटलं, कपडे वाळत घालताना डावा हात भरून यायचा. आधी टीबीच्या तपासण्या झाल्या, सगळ्या निगेटिव्ह. शेवटी पकडलं ते एका सिस्टरनं: डाव्या मनगटाला नाडीच लागेना. बीपी उजव्या हाताला १५२/९०, डाव्याला मशीन नुसतं ‘एरर’ दाखवत होतं.

सीटी अँजिओत डावी सबक्लेव्हियन धमनी (हाताला रक्त नेणारी) अरुंद, महाधमनीची भिंत जाड. किडनीच्या धमन्या आणि इको नॉर्मल. ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) ८४ होता, प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या ४० मिग्रॅवर २२ झाला. पण डोस २० च्या खाली नेला की हात पुन्हा दुखतो, दोनदा झालं. सोबत मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) आठवड्याला १५ मिग्रॅ, फॉलिक ॲसिडसह, तीन महिन्यांपासून. एका डॉक्टरांनी स्टेंट सुचवला. सूज चालू असताना घाई नको, असं दुसऱ्यांचं मत. मलाही तेच पटतं.

अडचण अशी की तिला वर्षभरात बाळ हवंय, म्हणजे गर्भाला घातक असलेलं मेथोट्रेक्सेट आधीच थांबवावं लागणार. विमा नाही, दर महिन्याला मुंबई जमणार नाही. (काढे, पुड्या कृपया सुचवू नका.)

घरात ताकायासूचा पेशंट असलेल्यांनी सांगा: मेथोट्रेक्सेटऐवजी ॲझाथायोप्रिनच्या गोळ्यांवर स्टेरॉइड उतरलं, की टोसिलिझुमॅबचं इंजेक्शनच घ्यावं लागलं? आणि नागपुरात मिहानच्या एम्समध्ये किंवा मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात) यासाठी नेमकी कोणती ओपीडी गाठायची, कोणत्या वारी?