पहिलारू खिलार गाय व्यायलीय, वार (वासराभोवतीचं आवरण) अडकलीय. ओढू का?

प्रश्न : पहाटे ३ ला व्यायली, कालवड आहे. आता १२ वाजले, वार गुडघ्यापर्यंत लोंबतेय. शेजारचे आण्णा म्हणतात वीट बांध, वजनानं पडेल. आई म्हणते वार पडल्याशिवाय चीक (व्यायल्यावरचं पहिलं दूध) पाजू नको. कालवड सकाळपासून माझी बोटं चोखतेय, खरखरीत जीभ. बघवत नाही.

उत्तर : दादा, वीट अजिबात नको. ओढली की आत तुटते, कधी अंगच (गर्भाशय) बाहेर येतं. १२ तास होऊनही पडली नाही तर डॉक्टरांना बोलव. चीक मात्र आत्ता पाज, पहिल्या तासातच द्यायला हवा होता. वजनाचा दहावा हिस्सा दिवसभरात. २५ किलोची असेल तर अडीच लिटर, थोडा थोडा. वासरू सड ओढू लागलं की वार सुटायलाही मदतच होते.

उत्तर : नाळेला आयोडीन लावलंत का? आमच्या सासूबाई राख लावायच्या, एक गोऱ्हा नाळ पिकूनच गेला. आणि गाईला वार खाऊ देऊ नका.

प्रश्नकर्ता : चीक पाजला, आयोडीनही लावलं. २ ला वार पडली, बांधाला खोल पुरली, कुत्री टपलेलीच होती. आण्णा म्हणतायत, वीट बांधली असती तर १ लाच पडली असती. आईला खरवस हवाय. म्हटलं, आधी कालवडीचं पोट.